राहण्याचा हक्क

हॉस्पिटलकडून ऑपरेशनची तारीख आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी धड एका जागी बसलं नाही. ह्यांच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. आता ती बदलून झाली आहे, हे हिंडतफिरत आहेत, आणि मी हे लिहीत असताना खाली बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी हुज्जत घालत आहेत. तेव्हा वाचणाऱ्याने जीव टांगणीला लावून घेऊ नये. माझा मात्र लागला होता, आणि तो निव्वळ ऑपरेशनपायी नव्हता.

हे दातांचे डॉक्टर. इंग्लंडात लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लाल विटांच्या एका जुन्या घरात आमची सर्जरी होती; इथे दवाखान्याला सर्जरीच म्हणतात. खाली सर्जरी, वर संसार. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे नागपूरची बीएस्सी होती आणि मावशीने विणलेला स्वेटर होता, जो इथल्या थंडीपुढे पहिल्याच आठवड्यात शरण गेला. रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेली म्हणून मी ‘तात्पुरती’ काउंटरवर बसले, ती हे निवृत्त होईपर्यंत उठले नाही.

नर्स रजेवर असली की मी आतही उभी राहायची. आतलं काम म्हणजे लिहिणं. हे पेशंटच्या तोंडात छोटा आरसा घालून एकेक दात पुकारत जायचे: वर उजवीकडे सहा, चांदी भरलेला; सात, जागेवर नाही; आठ, किडलेला. मी तक्त्यावर खुणा करत जायची. त्यात मध्येच बोलायचं नाही असा नियम होता, कारण एक दात चुकला की पुढचे सगळे चुकतात. काही विचारायचं असेल तर पेशंट गेल्यावर विचारायचं. पेशंट गेला की पुढचा पेशंट यायचा.

आता सर्जरी बंद आहे, पण ती खोली तशीच आहे. खुर्ची जमिनीत बोल्टने ठोकलेली, ती हलवायचा विषय काढला की ह्यांना अचानक फोन आठवतात. बाहेरच्या वेटिंग रूममध्ये मी कपडे वाळत घालते. तिथेच भिंतीवर ती फ्रेम आहे.

हे घर बांधलं तेही एका दातांच्या डॉक्टरनेच, राणी व्हिक्टोरियाच्या काळात. आमचे एक पेशंट होते, निवृत्त शाळामास्तर. जुनी दफ्तरं उकरायचा त्यांना भारी नाद. एका नाताळात त्यांनी त्या डॉक्टरच्या मृत्युपत्राची नक्कल आणून दिली. ह्यांना काय आनंद झाला! लगेच काच घालून, दात कसे घासावेत त्या चित्राशेजारी ती टांगली आणि येईल त्या पेशंटला दाखवायला सुरुवात केली. बघा, म्हणायचे, माणसाने आपल्यामागे घराची घडी कशी बसवावी ते या माणसाकडून शिकावं.

घडी बसवलेली होती खरी. लाल मखमलीची खुर्ची आणि हस्तिदंती मुठींची हत्यारं थोरल्याला. भिंतीवरचं घड्याळ मधल्याला. घोडा आणि गाडी धाकट्याला. घर तिघांत सारखं. आणि ‘माझ्या पत्नीला’, ती माझी विधवा म्हणून राहील तोपर्यंत, या घरात राहण्याचा हक्क. मुलगे नावानिशी होते. घोड्याचंसुद्धा नाव होतं. बायको नुसती पत्नी. काउंटर त्या फ्रेमच्या बरोबर समोर होता, त्यामुळे फोन वाजत नसेल तेव्हा मी तेच वाचत बसायची. मला ते पाठ झालं होतं.

एकदा हे आत असताना ते शाळामास्तर काउंटरवर टेकून सांगू लागले की त्यांनी आणखी शोध घेतला आहे. ती बाई या घरात राहिलीच नाही. नवरा गेल्यावर लवकरच ती कुठल्याशा समुद्रकाठच्या गावी निघून गेली आणि तिथे पाहुण्यांना खोल्या देऊन, त्यांना जेवूखाऊ घालून राहिली. पुन्हा लग्नही केलं नाही. मुलांनी घर भाड्याने दिलं. आम्ही दोघं हसलो. ह्यांना मात्र मी हे सांगितलं नाही. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. काहीतरी आपल्यापुरतं असावं असं वाटलं असेल.

तर, तारीख आली. हे म्हणाले, मृत्युपत्र करून टाकू. मी आपल्याकडे म्हणतात तसं म्हटलं, भलतंसलतं बोलू नका. पण हे ऐकणाऱ्यातले नव्हेत. डायनिंग टेबलावर मोठा कागद अंथरला, त्यावर दातांच्या तक्त्यासारखे चार भाग पाडले आणि माझ्या हातात पेन दिलं. स्वतः खोलीत येरझाऱ्या घालत पुकारू लागले. वर उजवीकडे घर: मुलगा आणि मुलगी, निम्मं निम्मं. वर डावीकडे पेन्शन आणि बचत: बायको. खाली नागपूरचा प्लॉट, खाली दागिने. मी लिहीत होते. मग ते परत वर उजवीकडे आले, माझं नाव घेतलं आणि म्हणाले, “हिला हयातभर राहण्याचा हक्क.”

माझ्या हाताने ते लिहिलं. हात माझाच होता, पण सवय ह्यांची होती. लिहून झाल्यावर मी कागदाकडे पाहिलं आणि मला राग आला. इतका की कानशिलं तापली. मी उठून चहाचं आधण ठेवलं आणि तो चहा कुणीच प्यायलं नाही.

ह्यांचं कारण मला ठाऊक होतं. हे शाळेत असताना सासरे वारले. सासूबाईंना एका दिराने गोडीगुलाबीने कुठे कुठे सह्या करायला लावल्या आणि राहतं घर हातचं गेलं. ज्यांनी घर घेतलं त्यांच्याच पडवीत बसून ह्यांनी अभ्यास केला. त्यामुळे ह्यांच्या मनाने घेतलं होतं की हिच्या हातात सहीच ठेवायची नाही, म्हणजे कुणी घ्यायला येणार नाही. हे सगळं मला समजत होतं. पण सर्जरीचा टॅक्स, नर्सचे पगार, छपराची डागडुजी, कौन्सिलशी पत्रव्यवहार, हे सगळं निस्तरणारी बाई कोण होती? ती काय कुणी गोड बोललं म्हणून घर लिहून देणार?

मला घर विकायचंच होतं असं नाही. कधी गुडघा दुखला की मनात यायचं, ईलिंगला मुलीच्या जवळ लिफ्ट असलेला छोटा फ्लॅट घ्यावा. कधी वाटायचं, मरेपर्यंत याच खिडकीत बसून समोरच्या घरातली भांडणं बघावीत. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. ते मी ठरवणार होते, एवढंच.

पण बोलायला तोंड उघडेना. मी खिडकीचे पडदे काढून धुतले, ते नीट वाळायच्या आत परत लावले. कपाटं रिकामी केली आणि होती तशीच भरली. कोथिंबीर आणायला बेलग्रेव्ह रोडला गेले आणि काकड्या घेऊन आले. इकडे हे जिन्यावरून खालीवर करत होते. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलं होतं, तरी ह्यांचं आपलं चालूच. ब्रॅकनेलहून मुलाचा मेसेज आला की तुम्ही दोघं ठरवाल ते ओके. मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “आई, तुझा घर आहे ना ते. मग सरळ टेल हिम. तू बोलत का नाही?” एरवी मी ‘तुझं घर’ म्हणून तिला सुधारते. त्या दिवशी तेवढंही सुचलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही सॉलिसिटरकडे गेलो. गाडी चालवायला ह्यांना बंदी, म्हणून बसने. सॉलिसिटर म्हणजे एक तरुण गोरी मुलगी, सर्दी झालेली, टेबलावर टिश्यूचा डबा. आमच्या तक्त्यावरून तिने मसुदा तयार केला होता आणि पासपोर्टच्या प्रती समोर ठेवल्या होत्या. तिने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फार जपून विचारलं की डॉक्टरांचं याआधी एखादं लग्न झालं होतं का.

हे उडालेच. छे, छे, म्हणाले. मग तिने मसुदा ह्यांच्याकडे फिरवला, एका नावाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “मग या बाई कोण? घरात राहण्याचा हक्क तुम्ही यांना देताय.”

“ही! ही काय, इथे बसली आहे ती!”

तिने माझ्या पासपोर्टची प्रत पुढे सरकवली. त्यावर दुसरं नाव होतं. ह्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. त्या पासपोर्टवर आम्ही किती प्रवास केले, तो कितीदा ह्यांच्या खिशात होता, पण ते नाव ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असावं असा ह्यांचा चेहरा होता. मला खरं तर मजा वाटत होती. या वयात ह्यांच्या नावावर एक लफडं जमा झालं होतं.

शेवटी मीच त्या मुलीला समजावून सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं तसं कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यावर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं. माझं माहेरचं नाव आणि ह्यांच्या मोठ्या बहिणीचं नाव एकच. एका घरात दोघी एका नावाच्या म्हणजे घोटाळा होईल असं सासूबाई म्हणाल्या. नणंद राहिली नागपुरात, आम्ही आलो लेस्टरला, त्यामुळे घोटाळ्याला कधी संधीच मिळाली नाही. पासपोर्ट मात्र माझ्या वडिलांनी लग्नाआधीच घाईने करून घेतला होता, जुन्या नावावर. तेच इथे चिकटलं. तेव्हापासून बँकेत, जीपीकडे म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, लायब्ररीत, बसच्या पासवर मी माहेरची आहे. आणि घरात, महाराष्ट्र मंडळात, पेशंटांत मी सासरची. जीपीची रिसेप्शनिस्ट माहेरचं नाव पार मोडूनतोडून पुकारते. नीट म्हणणारं आता माझ्या माहेरी कुणी उरलेलं नाही.

तिने विचारलं, नाव बदलताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का. मी म्हटलं, तांदूळ पसरलेले होते आणि पंगत खोळंबली होती.

ती हसली आणि शिंकली. मग म्हणाली, अडचण काही मोठी नाही, दोन्ही नावं घालता येतील. एक आधी, दुसरं ‘या नावानेही ओळखली जाणारी’ म्हणून. कुठलं आधी घालू? हे उत्तर द्यायला लागले तेवढ्यात तिने हात वर केला. म्हणाली, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे, आणि तसंही आमच्याकडे प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायची पद्धत आहे, तर डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर बसता का.

हे उठले, दारापर्यंत गेले, परत वळून माझ्याकडे पाहिलं. मग गेले.

मी म्हटलं, माहेरचं आधी. मग तिने मला राहण्याचा हक्क म्हणजे काय ते फोड करून सांगितलं. घर माझं नसेल. छप्पर गळलं तर बघायचं मी. विकावंसं वाटलं तर मुलांनी हो म्हटलं पाहिजे. मुलं गुणी आहेत, नाही म्हणायची नाहीत, पण विचारावं लागणार. ज्यांची नाकं पुसली त्यांच्याकडे अर्ज करायचा. सगळं सांगून तिने पेन उचललं आणि विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

मी म्हटलं, “घर माझ्या हातात हवं.”

इतकं सोपं वाक्य होतं. ते घरात कितीतरी दिवस म्हणता आलं नव्हतं आणि एका अनोळखी मुलीपुढे निमूट बाहेर आलं. तिने लिहून घेतलं. पण म्हणाली, हे मृत्युपत्र त्यांचं आहे, ते त्यांनी बदलायला हवं. तुम्ही त्यांना सांगा.

बाहेर आले तर हे वेटिंग रूममध्ये गुडघा हलवत बसले होते, हातात कुठलंसं बागकामाचं मासिक. दात काढायला आलेले पेशंट आमच्याकडे असेच बसायचे. बसमध्ये ह्यांनी विचारलं, काय विचारलं तिने? मी म्हटलं, घरी गेल्यावर. मग स्टॉप येईपर्यंत ह्यांनी तीन वेळा कोटाची बटणं लावली आणि काढली.

घरी गेल्यावर कोटसुद्धा न काढता मी ह्यांना सर्जरीत नेलं. हे सवयीने आपल्या स्टुलाकडे वळले. मी म्हटलं, तिथे नाही, खुर्चीत बसा. बसले. मी ह्यांच्या मांडीवर तक्त्याचा कागद लावलेली पाटी ठेवली, हातात पेन दिलं.

“आज मी सांगते, तुम्ही लिहा. मध्येच बोलायचं नाही.”

हे आधी हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

“घर,” मी म्हटलं. “पूर्ण. बायकोला. हक्कबिक्क काही नको.”

हे लिहीनात. मध्येच न बोलायचा नियम मोडला तो ह्यांनीच. म्हणाले, विकलंस तर? मी म्हटलं, विकेन. म्हणाले, कुणी फसवलं तर?

“तर फसेन. माझी मी फसेन.”

माझा आवाज चढला होता. ह्यांचा मात्र एकदम खाली आला. म्हणाले, “आईचं काय झालं ते तुला माहीत आहे.” आणि ह्यांचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, तरी मी माघार घेतली नाही. मी म्हटलं, माहीत आहे. सह्या करायच्या दिवसापर्यंत त्यांना कुणी एक कागद दाखवला नव्हता. सासरे होते तेव्हाही नाही. त्यांना जपलं म्हणूनच त्या फसल्या. मला या घरातला प्रत्येक कागद ठाऊक आहे. तुम्ही दात पुकारलेत, बाकी सगळं मी केलं. आणि आता तुम्ही मला माझ्याच घरात भाडेकरू करून ठेवताय, तेही बिनभाड्याची म्हणून उपकार केल्यासारखं.

उघड्या दारातून वेटिंग रूम दिसत होती. वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांमागे ती फ्रेम अर्धीच दिसत होती. तेव्हा मी ते इतकी वर्षं जपलेलं सांगून टाकलं. “ती बाई या घरात राहिलीच नाही. निघून गेली. समुद्राकाठी खोल्या भाड्याने देऊन राहिली.”

कोण म्हणालं, असं ह्यांनी विचारलं. मी शाळामास्तरांचं सांगितलं. हे खुर्चीतून वाकून त्या फ्रेमकडे बघू लागले. येईल त्या पेशंटला दाखवलेली ती घडी. मग विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

“तेवढं माहीत नाही. घोड्याचं माहीत आहे.”

ह्यांना हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ह्यांनी पाटी सरळ धरली आणि वर उजवीकडे लिहिलं: घर, पूर्ण. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, नाव?

मी म्हटलं, माझं.

कुठलं, असं ह्यांनी विचारलं नाही. सावकाश लिहिलं आणि पाटी फिरवून मला दाखवली, बरोबर आहे ना म्हणून. बरोबर होतं.

पुढच्याच आठवड्यात सह्या झाल्या. त्या मुलीची सर्दी बरी झाली होती. पण घरातली धावपळ काही थांबली नाही, कारण ऑपरेशन अजून व्हायचंच होतं. हे आता गॅरेज आवरायला लागले. मी पडदे पुन्हा धुतले. घर माझ्या हातात यावं म्हणून भांडले खरी, पण ते हातात यायची वेळ येऊ नये म्हणून देवापुढे बसत होते. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम मनात घेऊन मला एका जागी बसवत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डच्या काउंटरवर नर्स ह्यांची माहिती भरून घेत होती. जन्मतारीख, औषधं, कशाची ॲलर्जी. मी जरा बाजूला, ह्यांची बॅग आणि चपला सांभाळत उभी. तिने विचारलं, तुमचं जवळचं माणूस कोण? ह्यांनी नाव सांगितलं. माझं माहेरचं नाव, माझी आई हाक मारायची तसं, एकही अक्षर न मोडता. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी ते नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

मागे कुणी नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि नर्सला इंग्रजीत म्हणाले, “ही. काही ठरवायची वेळ आली तर हिला विचारा. ही सांगेल ते लिहून घ्या.”

नर्सने ते लिहून घेतलं.